‘कनेक्टच होईना झालंय’: डेटाबेसचा एरर वाचायचा कसा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीतल्या बहुतेक ऑफिसांत एक तरी जण असतो, ज्याच्याकडं ‘कॉम्प्युटरचं काम’ आपोआप येतं. पद अकाउंट्सचं असेल, क्वालिटीचं असेल किंवा स्टोअरचं. पण साहेबांना हवा तसा रिपोर्ट ईआरपीतून, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, निघत नाही म्हटल्यावर तोच डीबीव्हर, हायडीएसक्यूएल असलं एखादं टूल टाकतो आणि थेट डेटाबेसमधून आकडे काढायला बघतो. सर्व्हरचा पत्ता, युजर, पासवर्ड टाकून ‘टेस्ट कनेक्शन’ दाबतो आणि समोर लाल फुली. मग मित्राला फोन जातो.

‘भावा, डेटाबेस कनेक्टच होईना झालाय.’

‘काय म्हणतोय?’

‘एरर येतोय.’

‘आरं, पण एररमध्ये लिहिलंय काय?’

इथं बहुतेकांची गाडी थांबते, कारण ती खिडकी न वाचताच बंद केलेली असते. मग पासवर्ड बदलून बघ, टूल काढून पुन्हा टाक, फायरवॉलच बंद कर असे प्रकार सुरू होतात आणि अख्खी दुपार जाते. माझं सांगणं एवढंच आहे की जोडणी नेमकी कुठं तुटली हे त्या एररच्या ओळीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. उसाचा ट्रॅक्टर कारखान्यात पोचला नाही तर शेतकरी आधी विचारतो, अडलाय कुठं? रस्त्यात, गेटवर का काट्यावर? जिथं अडला असेल तिथलाच उपाय करावा लागतो. डेटाबेसच्या जोडणीचेही असेच टप्पे असतात: आधी ड्रायव्हर, मग सर्व्हरचा पत्ता, मग पोर्ट (म्हणजे त्या मशीनवरचा ठरावीक क्रमांकाचा दरवाजा), काही ठिकाणी एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करून पाठवणं), मग युजर-पासवर्ड आणि शेवटी डेटाबेसचं नाव. प्रत्येक टप्प्याचा एरर वेगळा असतो. एरर बदलला तर वैतागू नका. बदलला याचा अर्थ तुम्ही बहुधा एक टप्पा पुढं सरकलात.

ड्रायव्हर: सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच अडलेलं काम

मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या प्रत्येकाची नेटवर्कवर बोलायची पद्धत वेगळी. डीबीव्हरसारखं टूल त्या सगळ्या पद्धती स्वतः शिकत बसत नाही. ते एका ठरलेल्या पद्धतीनं ड्रायव्हरशी बोलतं आणि पुढचं ड्रायव्हर बघतो. विंडोजच्या जगात ही ठरलेली पद्धत म्हणजे ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टनं ती १९९२ साली आणली आणि एक्सेल आजही तीच वापरतं. जावाच्या जगात १९९७ पासून जेडीबीसी आहे. डीबीव्हर जावात लिहिलेलं असल्यामुळं त्याला जेडीबीसी ड्रायव्हर लागतो, म्हणजे ‘जार’ नावाची एक फाईल.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे ड्रायव्हर डाउनलोडच होत नाही. एखाद्या प्रकारच्या डेटाबेसला पहिल्यांदा जोडताना डीबीव्हर ती जार फाईल इंटरनेटवरच्या मेव्हन नावाच्या सार्वजनिक साठ्यातून ओढून घेतो. कंपनीच्या नेटवर ठरावीक साईट सोडून बाकी सगळं बंद असेल तर डाउनलोड अडतं. लोक मात्र समजतात की सर्व्हर बंद आहे. सर्व्हरला अजून कुणी हाकसुद्धा मारलेली नसते! अशा वेळी घरच्या नेटवरून त्या डेटाबेसच्या अधिकृत साईटवरची जार फाईल उतरवून आणा, डीबीव्हरच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये तो ड्रायव्हर उघडा, ‘लायब्ररीज’ टॅबमध्ये ‘अ‍ॅड फाईल’ करून ती जोडा. फाईल आणायला कंपनीची परवानगी लागत असेल तर आधी घ्या. नेट प्रॉक्सीतून, म्हणजे कंपनीच्या मधल्या सर्व्हरमधून, जात असेल तर प्रॉक्सीचा पत्ता टूलच्या सेटिंगमध्ये भरला तरी भागतं. मध्येच नेट गेल्यामुळं फाईल अर्धवट उतरली असेल, तर जुनी काढून परत उतरवा.

‘नो सुटेबल ड्रायव्हर’ असं आलं तर जोडणीची यूआरएल (डेटाबेसचा पूर्ण पत्ता सांगणारी ओळ) आणि निवडलेला ड्रायव्हर यांचा मेळ नाही: यूआरएल पोस्टग्रेसची आणि ड्रायव्हर मायएसक्यूएलचा, किंवा यूआरएलच्या सुरुवातीचं एखादं अक्षर चुकलेलं. ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणजे जार फाईल जोडलेली नाही, किंवा ड्रायव्हरच्या आतल्या क्लासचं नाव चुकलंय. मायएसक्यूएलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये ते नाव बदलून मध्ये ‘सीजे’ आलंय. जुन्या नोट्समधून नाव कॉपी केलं की गोंधळ व्हायची शक्यता असते. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आलं तर त्यात एक आकडा असतो, तो बघा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७. ड्रायव्हर नव्या जावासाठी बनलाय आणि तुमच्याकडं चालतोय तो जावा जुना आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ओडीबीसीवाल्यांचं दुखणं वेगळं. एक्सेलमधून जोडताना ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असं आलं की ऑफिस ३२ बिटचं आणि ड्रायव्हर ६४ बिटचा, किंवा उलटं. दोन्ही एकाच बिटचे लागतात. यात विंडोजची एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओडीबीसीची सेटिंग उघडणारे दोन वेगळे प्रोग्रॅम एकाच नावाचे आहेत. ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधला प्रोग्रॅम ६४ बिटचा आहे आणि ‘सिसवाव६४’ फोल्डरमधला ३२ बिटचा. जुनी सॉफ्टवेअरं बिघडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं फोल्डरचं जुनं नाव तसंच ठेवलं, त्यामुळं हा उलटा प्रकार झाला. एका प्रोग्रॅममध्ये केलेलं डीएसएन (म्हणजे नाव देऊन सेव्ह केलेली जोडणी) दुसऱ्या बिटच्या सॉफ्टवेअरला दिसेलच असं नाही, आणि मग ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ येतं. नाव तर डोळ्यांसमोर आहे आणि हे म्हणतंय सापडत नाही, असं झालं की आधी हेच तपासा.

तीन एरर, तीन वेगळे अर्थ

ड्रायव्हर जागेवर बसला की मग खरा प्रवास सुरू होतो. इथले तीन एरर लोक एकाच मापानं मोजतात, म्हणून थोडं थांबून बघू.

‘अननोन होस्ट’ म्हणजे तुम्ही सर्व्हरचं जे नाव दिलं, त्याचा आयपी पत्ता कुणालाच माहीत नाही. स्पेलिंग बघा, बाहेरून जोडत असाल तर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कमध्ये नेणारी खासगी वाट) चालू आहे का बघा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या पत्त्यावरच्या मशीननं उत्तर दिलंय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. एका अर्थानं ही चांगली बातमी आहे, नेटवर्क चालू आहे. डेटाबेसची सर्व्हिस बंद असेल, पोर्ट चुकला असेल, किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनवरूनच जोडण्या घेत असेल. मायएसक्यूएलचा ठरलेला पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, ओरॅकलचा १५२१. ओरॅकलमध्ये ‘नो लिसनर’ हा एरर याच जातीचा.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच उत्तर नाही. मध्ये फायरवॉल आहे आणि ती तुमची विनंती गुपचूप टाकून देतेय, किंवा त्या पत्त्यावर ते मशीनच नाही. विंडोजची फायरवॉल चालू असली तर पोर्टवर कुणी ऐकत नसतानाही ‘रिफ्यूज्ड’ न येता ‘टाइम्ड आउट’च येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

पिंग लागतंय म्हणून डेटाबेस लागायलाच हवा, हा समज सोडा. पिंग मशीनपर्यंतचा रस्ता तपासतं, पोर्टबद्दल ते काहीच सांगत नाही. उलट पिंग बंद ठेवलेल्या सर्व्हरचा डेटाबेस व्यवस्थित चालू असू शकतो. पोर्ट तपासायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड आहे. तिला पत्ता आणि पोर्ट द्या आणि शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ येतंय का बघा. ‘ट्रू’ आलं तर नेटवर्कवाल्याला त्रास देऊ नका, दुखणं पुढच्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडं पावसाळ्यात हमखास होणारी एक गोष्ट इथंच सांगतो. लाईट जाते, येते, राउटर आणि सर्व्हर परत चालू होतात, आणि कालपर्यंत चालणारं कनेक्शन आज ‘टाइम्ड आउट’ म्हणतं. सर्व्हर म्हणून वापरलेल्या पीसीचा आयपी राउटर वाटून देत असेल, तर तो या उलाढालीत बदलू शकतो. सेव्ह केलेल्या जोडणीत मात्र जुनाच आयपी असतो. सर्व्हरला एकदाच कायमचा आयपी राखून द्या, त्याची सोय राउटरमध्येच असते.

फाउंड्रीतलं एक उदाहरण, टप्प्याटप्प्यानं

समजा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर आहे. प्रत्येक हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचं प्रमाण लॅबमधल्या उबुंटूच्या पीसीवर पोस्टग्रेसमध्ये जमा होतं. त्या पीसीचा आयपी १९२.१६८.१.४०. क्वालिटीतल्या मुलीला आपल्या टेबलावरच्या १९२.१६८.१.५७ या पीसीवरून तो डेटा बघायचाय. ती डीबीव्हरमध्ये सगळं भरते आणि ‘टेस्ट कनेक्शन’ दाबते.

पहिला निकाल: टाइम्ड आउट. लॅबच्या पीसीवर फायरवॉल चालू आहे आणि ५४३२ पोर्ट उघडलेला नाही. अख्खी फायरवॉल बंद करायची गरज नाही. फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरून, फक्त ५४३२ ला परवानगी द्यायची.

परत बटण. आता कनेक्शन रिफ्यूज्ड. एरर बदलला! फायरवॉल पार झाली. लॅबच्या पीसीवर पोस्टग्रेस तर चालू आहे, मग कोण नाही म्हणतंय? त्या पीसीच्या टर्मिनलवर ‘एसएस’ ही कमांड देऊन कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय हे बघितलं, तर ५४३२ च्या आधी १२७.०.०.१ असं दिसतं. म्हणजे पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच मशीनवरून येणाऱ्यांचं ऐकतोय. त्याची मूळ सेटिंग तशीच असते, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाईलमध्ये ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ नावाची ओळ आहे, तिथं लॅबच्या पीसीचा आयपी जोडायचा. या बदलासाठी पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागतो. नुसतं रीलोड करून चालत नाही.

परत बटण. आता एक लांबलचक ओळ येते: ‘पीजी-एचबीए’ फाईलमध्ये या होस्टसाठी, या युजरसाठी, या डेटाबेससाठी नोंद नाही, आणि पुढं एन्क्रिप्शन नाही असाही उल्लेख. हा माझा सगळ्यात आवडता एरर आहे, कारण उपायाला लागणारी सगळी माहिती त्यातच दिलेली असते. होस्ट १९२.१६८.१.५७ हे कुणी हातानं टाकलेलं नाही; सर्व्हरला तुम्ही ज्या पत्त्यावरून आलेले दिसलात, तो पत्ता आहे. ‘पीजी-एचबीए’ म्हणजे कोणाला कुठून आत घ्यायचं याची यादी. तिच्यात एक ओळ वाढवायची: हा डेटाबेस, हा युजर, हे नेटवर्क, आणि पासवर्ड तपासायची पद्धत ‘स्क्रॅम’. पोस्टग्रेस ही यादी वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की तिथंच थांबतो. त्या ओळीनुसार पासवर्ड चुकला तरी खालच्या ओळी तो बघत नाही. म्हणून तुमची ओळ बरोबर असूनही वरची एखादी जुनी ओळ आड येऊ शकते. या फाईलसाठी मात्र रीलोड पुरतो. घाईत पद्धतीच्या जागी ‘ट्रस्ट’ लिहू नका. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता आत.

परत बटण. आता एरर: ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’. इतक्या पुढं येऊन परत ड्रायव्हरच! स्क्रॅम ही पासवर्डची पद्धत पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीत, २०१७ साली आली, आणि १४ पासून तीच मूळ पद्धत झाली. जावाच्या ड्रायव्हरला ती ४२.२.० या आवृत्तीपासून कळते. तिच्या पीसीवर कुणीतरी मागं टाकलेली जुनी जार फाईल होती. ड्रायव्हर मॅनेजरमधून नवी आवृत्ती घेतली, बटण दाबलं, हिरवी खूण.

चार एरर, चार वेगळी कारणं, आणि पासवर्ड पहिल्यापासून बरोबरच होता. पहिल्याच ‘टाइम्ड आउट’ला ती पासवर्ड बदलत बसली असती तर?

पासवर्ड आणि प्रमाणपत्र

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ किंवा ‘लॉगिन फेल्ड’ आला म्हणजे तुम्ही डेटाबेसच्या दारात पोचलात. मायएसक्यूएलमध्ये इथं एक खाच आहे. त्याच्या दृष्टीनं युजर म्हणजे नाव आणि ठिकाण यांची जोडी. ‘लोकलहोस्ट’वरचा, म्हणजे सर्व्हरच्याच मशीनवरचा, रिपोर्ट युजर आणि तुमच्या पीसीवरून येणारा रिपोर्ट युजर ही त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. म्हणून सर्व्हरवर बसून चालणारा पासवर्ड तुमच्या टेबलावरून चालेलच असं नाही. १०४५ क्रमांकाच्या एररमध्ये युजरच्या पुढं जो पत्ता दिसतो, तो नीट वाचा. क्रमांक ११३० असेल तर तुमच्या पत्त्याला त्या सर्व्हरवर मुळात परवानगीच नाही.

‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ हाही मायएसक्यूएलचाच. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली, आणि एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीवर ड्रायव्हरला सर्व्हरकडून एक ‘की’ (पासवर्ड सांकेतिक करायची किल्ली) मागावी लागते. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर असाल तर ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये ती परवानगी ‘ट्रू’ करा. सर्व्हर बाहेर, क्लाउडवर असेल तर एसएसएल, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, चालू करणं हाच खरा उपाय.

पासवर्डमध्ये ‘अ‍ॅट’ किंवा ‘हॅश’ची खूण असेल आणि तुम्ही तो यूआरएलमध्येच लिहीत असाल, तर बऱ्याच ठिकाणी यूआरएल चुकीच्या जागी तुटते आणि एरर भलताच येतो. पासवर्ड त्याच्या वेगळ्या चौकटीतच भरा.

एसक्यूएल सर्व्हरवर अनेक फाउंड्र्यांची आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं चालतात, म्हणून त्याचं थोडं वेगळं सांगतो. एक्सप्रेस या फुकट आवृत्तीत टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडण्या घेणं, मुळात बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. शिवाय एक्सप्रेस बहुधा १४३३ वर नसतोच, तो चालू होताना मोकळा पोर्ट धरतो. नावावरून पोर्ट शोधून देणारी ‘ब्राउझर’ सर्व्हिस चालू ठेवा, किंवा पोर्ट कायमचा ठरवून टाका. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. ‘लॉगिन फेल्ड’चा क्रमांक १८४५६. तुमच्या स्क्रीनवर त्याचं खरं कारण मुद्दाम लपवलेलं असतं, म्हणजे बाहेरच्याला अंदाज लागू नये. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ‘स्टेट’ बघायचा: ५ म्हणजे तो युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतोय.

‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ हा एरर २०२२ पासून खूप दिसतो. त्या वर्षी आलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या १०.२ जावा ड्रायव्हरपासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, आणि ऑफिसातल्या सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी फाईल) बहुधा त्यानं स्वतःच बनवलेलं असल्यामुळं ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला टिक केली की काम चालू होतं, पण पलीकडचा सर्व्हर खरा आहे का ही तपासणी त्यानं बंद होते. ऑफिसच्या आत एक वेळ ठीक. इंटरनेटवरून जोडताना ही टिक करू नका, प्रमाणपत्र नीट बसवून घ्या. सर्व्हर फार जुना असेल तर ‘टीएलएस १०’चं नाव असलेला एरर येतो. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जावानं टीएलएस १.० आणि १.१ या एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धती बंद केल्यात. जावाची सेटिंग सैल करण्यापेक्षा एसक्यूएल सर्व्हरला अपडेट द्यावा.

एसएसएच टनेलमधून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरच्या सुरक्षित वाटेनं, जोडणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. टनेल चालू असताना मुख्य टॅबमधला होस्ट हा तुमच्या पीसीवरून बघायचा नसतो, एसएसएच सर्व्हरवरून बघायचा असतो. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर तिथं ‘लोकलहोस्ट’ लिहायचं.

आणि जेवण करून आल्यावर ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ दिसला तर घाबरू नका. बराच वेळ शांत पडलेली जोडणी मधल्या राउटरनं किंवा फायरवॉलनं तोडलेली असते. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ला काही मिनिटांचा आकडा द्या.

इतकं करून अडलंच, तर मदत मागताना ‘डिटेल्स’ बटण दाबून पूर्ण मजकूर कॉपी करा. खाली खाली ‘कॉज्ड बाय’ असं पुन्हा पुन्हा दिसेल. मूळ कारण बहुधा सगळ्यात शेवटच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असतं. सोबत डेटाबेसची आणि ड्रायव्हरची आवृत्ती, होस्ट, पोर्ट, आणि हे काल चालत होतं का पहिल्यांदाच जोडताय, एवढं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी यूआरएलच्या ओळीत पासवर्ड दिसत नाही ना, हे बघा. दिसत असेल तर तो भाग खोडून मगच पाठवा.